रुसलेली हिरवळ



मृग नक्षत्र तोंडावर आले आहे. पापड-कुरडया झाल्या असतील, लोणच्याच्या बरण्यांना दादरे बांधून झाले असेल, धान्याला ऊन दाखवून झाले असेल. आता पहिला मोठा पाऊस पडायच्या आत एक काम उरते, ते म्हणजे अंगणाकडे एकदा नीट बघायचे. उन्हाळाभर आपण तुळशीला पाणी घालतो, मोगऱ्याला घालतो, कुंड्या उचलून सावलीला नेतो. पायाखालच्या गवताची मात्र आठवण होते ती ते पिवळे पडल्यावर!

हिरवळीबद्दलची पत्रे दर वर्षी याच दिवसांत येतात. त्यांतले एक पत्र असे आहे की त्यात सगळ्यांच्याच तक्रारी एकत्र आल्या आहेत. म्हणून त्याच पत्राला धरून आज बोलू या. त्या भगिनी लिहितात :

‘आमच्या घरापुढे पंधरा बाय वीस फुटांची मोकळी जागा आहे. घर बांधले त्या वर्षी हौसेने हिरवळ लावून घेतली. दोन वर्षे अगदी दृष्ट लागण्यासारखी होती. आता मधेमधे टक्कल पडले आहे, आंब्याखाली तर नुसती माती दिसते आणि उरलेले गवत पिवळे. मी रोज संध्याकाळी न चुकता पाणी मारते, दोनदा खतही घातले. यजमान म्हणतात, “पुरे झाली तुझी हौस. दिवाळीच्या आत सिमेंटचे ठोकळे बसवून टाकू, गाडी तरी नीट उभी राहील.” सासूबाईंना सकाळी गवतावर अनवाणी फिरायची सवय आहे. त्या काहीच बोलत नाहीत. मी काय करू?’

ताई, ठोकळे बसवायचे की नाही, हे घरातल्या सगळ्यांनी मिळून ठरवावे. पण गवत मेले आहे असे समजून ठरवू नका. एक पावसाळा त्याला द्या. आणि त्याआधी ते का रुसले, याचा शोध घ्या. आजारी मूल दवाखान्यात नेले तर डॉक्टर आधी जीभ बघतात, पोट दाबून बघतात, मगच औषध लिहून देतात ना? आपण मात्र गवत पिवळे दिसले की आधी खताची पिशवी फोडतो!

गवत मेले की झोपले?

आपल्याकडच्या बहुतेक घरांपुढची हिरवळ म्हणजे हरळीच असते. गणपतीला आपण वाहतो ती दूर्वा, तीच ही. रोपवाटिकेत तिच्या निवडक जाती वेगवेगळ्या नावांनी मिळतात, पण स्वभाव तोच. ती जमिनीवरून धावत्या कांड्यांनी पसरते आणि जमिनीखालूनही. शेतकऱ्याला विचारा, शेतातली हरळी काढता काढता त्याच्या नाकी नऊ येतात. अशी चिवट वनस्पती आपल्या अंगणात मात्र का टिकत नाही, हा खरा प्रश्न आहे.

कडक उन्हाळ्यात पाणी कमी पडले की हरळी वरची पाने वाळू देते आणि जीव कांडीत राखून ठेवते. वरून पाहिले तर सगळे गवत वाळलेले दिसते, पण आत जीव असतो. हे ओळखायची युक्ती सोपी आहे. पिवळ्या भागातली एक कांडी मातीसकट उकरून घ्या आणि नखाने खरवडून बघा. आत पांढरट-हिरवी, ओलसर असेल तर ती जिवंत आहे, पाऊस पडला की फुटेल. कट्कन मोडली आणि आत तपकिरी, कोरडी निघाली तर ती गेली. पाच-सहा ठिकाणी असे करून बघितले की नेमके किती गवत नव्याने लावायचे, ते कळते. पुष्कळदा सगळे पैसे घालून नवीन गवत आणायची गरजच नसते.

झोपलेल्या गवताला खत मात्र घालू नका, बरं का. पाण्यावाचून कासावीस झालेल्याला पुरणपोळी वाढण्यासारखे ते होईल. खत पाऊस सुरू होऊन नवे कोंब दिसल्यावरच.

जमिनीची परीक्षा

आता घरातला एक लांब स्क्रू-ड्रायव्हर घ्या. आदल्या दिवशी पाणी दिलेल्या जमिनीत तो हाताने दाबा. बोटभर तरी सहज आत गेला पाहिजे. दोन इंचांवर अडकला आणि जोर लावूनही जाईना, तर समजा की जमीन घट्ट बसली आहे. अशा जमिनीत पाणी मुरत नाही, हवा जात नाही, आणि मुळे वरच्या वर राहतात.

नव्या घरांपुढे हे हमखास होते. बांधकाम चालू असताना तिथे विटा-वाळूचे ढीग पडलेले असतात, गाडे फिरलेले असतात. घर झाले की राडारोडा तिथेच पसरून वर चार बोटे तांबडी माती टाकतात आणि त्यावर गवताचे गालिचे अंथरतात. पहिली दोन वर्षे त्या चार बोटे मातीवर गवत छान दिसते. मुळे खाली राड्यापर्यंत पोचली की ते अडते. ‘पहिली दोन वर्षे दृष्ट लागण्यासारखी’ हे वाचले आणि माझ्या मनात हीच शंका आली. एका कोपऱ्यात वीतभर खोल खणून बघा. सिमेंटचे गोळे, विटांचे तुकडे निघाले तर निदान टक्कल पडलेल्या भागातून तरी ते काढून टाका.

देशावरच्या काळ्या मातीची तऱ्हा आणखी वेगळी. ती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगा पडतात. ओली असताना तिच्यावर चालले की ती लगेच दाबली जाते. तेव्हा पावसाळ्यात दोन-चार दिवसांच्या झडीनंतर मुलांना त्यावर क्रिकेट खेळू देऊ नका. जरा वापसा येऊ द्या.

ऊन किती, पाणी किती

हरळीला दिवसातून निदान सहा तास ऊन लागते. सुट्टीच्या दिवशी सकाळी आठ, दुपारी बारा आणि चार वाजता अंगणात एक चक्कर मारा आणि सावली कुठे पडते ते बघून ठेवा. लावले तेव्हा आंब्याचे झाड कमरेएवढे होते, आता त्याने अर्धे अंगण झाकले आहे, हे रोज पाहून आपल्या ध्यानातच येत नाही.

आता पाणी. रोज संध्याकाळी नळी धरून पाच मिनिटे ‘पाणी मारणे’ म्हणजे गवताची तोंडओळख राखणे. वरचा अर्धा इंच भिजतो, म्हणून मुळेही तेवढ्यातच घोटाळतात आणि चार दिवस गावाला गेले की गवत माना टाकते. शिवाय रात्रभर पाने ओली राहिली की बुरशी धरते. त्यापेक्षा आठवड्यातून दोनदा, पण पोटभर पाणी द्या. तेही सकाळी लवकर.

पोटभर म्हणजे किती? साधारण आठवड्याला अडीच सेंटीमीटर. हे मोजायला तीन-चार सपाट बुडाचे रिकामे डबे हिरवळीवर ठेवून पाणी द्या आणि पट्टीने मोजा. दोन्ही वेळचे मिळून डब्यात अडीच सेंटीमीटर साठले की पुरे. पत्रातल्या ३०० चौरस फुटांचा हिशेब केला तर आठवड्याला जवळजवळ ७०० लिटर पाणी होते. विदर्भ-मराठवाड्याच्या मे महिन्यात यापेक्षाही जास्त लागेल. आकडा ऐकून दचकलात ना? पण तो मुद्दाम सांगितला. ज्या गावात नळाला एक दिवसाआड पाणी येते तिथे एवढे पाणी गवतावर ओतणे मनाला पटत नाही, आणि पटूही नये. अशा वेळी दोनच मार्ग. एक तर हिरवळ लहान करायची, किंवा उन्हाळ्याचे दोन महिने तिला खुशाल पिवळी पडू द्यायची. दर दोन-तीन आठवड्यांनी एकदा भिजवले तरी हरळीच्या कांड्या जगतात. पिवळ्या हिरवळीची लाज बाळगायचे काही कारण नाही.

तांदूळ-डाळ धुतलेले, भाजी धुतलेले पाणी गवताला चालते. कपड्यांच्या साबणाचे पाणी रोज घालू नका, त्यातल्या क्षारांनी माती चिवट होते. पाणी शुद्ध करायच्या यंत्रातून बाहेर पडणारे पाणीही क्षारांचे असते. ते फरशी पुसायला वापरावे. बोअरचे पाणी जड असेल आणि मातीवर पांढरी पुटे धरत असतील, तर पावसाळ्यातले चार मोठे पाऊस हेच त्यावर चांगले औषध. ते क्षार खाली धुऊन नेतात.

पाणी कधी द्यायचे हे गवतच सांगते. त्यावरून चालत जा आणि मागे वळून बघा. दबलेली पाती लगेच उभी राहिली तर घाई नाही. पावलांचे ठसे तसेच राहिले आणि रंग जरा निळसर-करडा दिसला, तर ते तहानलेले आहे.

बोडके करू नका

माळीबुवा महिन्यातून एकदा येतात आणि हिरवळ जमिनीबरोबर भादरून जातात. त्यांचेही बरोबर आहे. बाई म्हणतात, ‘चांगले बारीक कापा, म्हणजे लवकर वाढणार नाही.’ पण पान हे गवताचे स्वयंपाकघर आहे. तेच काढून टाकले तर त्याने खायचे काय? कांड्या उघड्या पडतात, माती तापते, आणि मोकळ्या जागेत तण शिरते.

नियम एकच लक्षात ठेवा : एका वेळी उंचीच्या एक-तृतीयांशापेक्षा जास्त कापायचे नाही. साध्या हरळीची उंची तीन-चार सेंटीमीटर ठेवावी. सहा सेंटीमीटर वाढली की चारवर आणायची. पावसाळ्यात यासाठी आठवड्याला कापावे लागेल, थंडीत महिन्यातून एकदा पुरते. फारच वाढले असेल तर दोन-तीन वेळा विभागून, मधे चार दिवस सोडून कापा. यंत्राचे पाते किंवा कात्री धार लावून आणा. बोथट पात्याने गवत कापले न जाता फाटते आणि दुसऱ्या दिवशी सगळ्या हिरवळीवर पांढुरकी झाक दिसते. बारीक कापलेले गवत तिथेच पडू दिले तर त्याचेच खत होते. जाड थर पडला तर मात्र दाताळ्याने ओढून खतखड्ड्यात टाका.

आता कामाला लागू या

पहिले दोन-तीन चांगले पाऊस झाले, माती ओली पण हाताला न चिकटणारी झाली, की कामाला सुरुवात करा. नंतर येणाऱ्या नागपंचमीला काही घरांत खणत-कापत नाहीत. तेवढा दिवस सोडला तर पुढचे दीड-दोन महिने सगळे आपलेच.

आधी दाताळ्याने वाळलेल्या काड्या, पाने ओढून काढा. गवताखाली पायाला गादीसारखे मऊ लागते का बघा. तसे असेल तर तिथे जुन्या कांड्यांचा थर साठला आहे. तो बोटाच्या पेरापेक्षा जाड असेल तर पाणी मातीपर्यंत पोचतच नाही. जरा जोर लावूनच ओढा. गवत विस्कटलेले दिसेल, घाबरू नका.

मग भोके पाडायची. पहार किंवा बागेचा काटा घेऊन चार-चार, पाच-पाच इंचांवर तीन-चार इंच खोल टोचत जायचे आणि काटा जरासा हलवून काढायचा. ३०० चौरस फुटांचे हे काम एका दमात होत नाही. रोज सकाळी एक पट्टा, असे आठवडाभर करा. खरे तर हे काम यजमानांना आणि मुलांना देण्यासारखे आहे. पहार हाती घेतली की हिरवळीबद्दल माणसाला आपोआप आपलेपणा वाटू लागतो!

भोके पाडून झाली की वरून खतमाती द्या. दोन भाग पूर्ण कुजलेले, चाळलेले शेणखत किंवा गांडूळखत, एक भाग चांगली माती, एक भाग जाड वाळू. बांधकामावरची दगडाची बारीक भुकटी नको, ती बसून घट्ट होते. हे मिश्रण अर्धा सेंटीमीटर जाडीने पसरून खराट्याने भोकांत झाडून टाका. गवताची टोके वर दिसत राहिली पाहिजेत. एवढ्या जागेला दहा-बारा घमेली पुरतात. शेणखत कच्चे असेल तर घेऊ नका. त्याबरोबर तणाचे बी येते आणि हुमणीही येते.

टक्कल कसे भरायचे?

पडलेल्या टकलातली माती वीतभर खणून, दगड वेचून, तीच खतमाती मिसळून भुसभुशीत करा. मग आपल्याच हिरवळीच्या कडेच्या, पायवाटेवर धावलेल्या कांड्या काढून घ्या. बोटभर लांबीच्या, तीन-चार डोळ्यांच्या कांड्या चार-चार इंचांवर टोचायच्या. दोन डोळे मातीत, बाकी बाहेर. हाताने माती दाबायची. झाले!

जुन्या माळ्यांची आणखी एक पद्धत आहे. गवत दोन-दोन इंचांचे चिरून शेण आणि मातीत कालवायचे आणि तो काला सारवल्यासारखा ओल्या जमिनीवर पसरायचा. लहान टकलांना ही पद्धत फार सोयीची. शहरात शेण मिळत नसेल तर नुसती टोचणी पुरते. तीन-चार आठवडे त्या जागी कुणाचा पाय पडू देऊ नका. चार काठ्या रोवून सुतळी बांधून टाका. पाऊस उघडला तर हलके पाणी द्या. नव्या गवताला सुरुवातीला रोज ओल लागते. दीड-दोन महिन्यांत जागा भरून येते.

खताचे बेतानेच

नवे कोंब दिसून तीन आठवडे झाले की युरिया द्यायला हरकत नाही. ३०० चौरस फुटांना एका वेळी १५० ग्रॅम पुरे. दहा लिटरच्या झारीत ५० ग्रॅम विरघळवायचा, अशा तीन झाऱ्या सगळीकडे सारख्या शिंपडायच्या आणि लगेच वरून साधे पाणी द्यायचे, नाहीतर पाती करपतात. पुन्हा द्यायचा तर महिन्याने. मूठ-मूठ कोरडा युरिया फेकला की जिथे मूठ पडली तिथे जळलेला ठिपका दिसतो. रसायन नको असेल तर पावसाळ्याच्या सुरुवातीला आणि शेवटी गांडूळखत आणि दोन किलो निंबोळी पेंड द्या. रंग जरा हळू चढेल, पण टिकेल.

सगळे पान फिके असेल तर गवत भुकेले आहे. पण पानाच्या शिरा हिरव्या आणि मधला भाग पिवळा असेल तर लोह कमी पडते. चुनखडीच्या किंवा सिमेंट मिसळलेल्या जमिनीत असे होते. मग कितीही युरिया घातला तरी उपयोग नाही. एक लिटर पाण्यात पाच ग्रॅम हिराकस विरघळवून ऊन उतरल्यावर फवारा. फरशीवर मात्र उडू देऊ नका, तांबडे डाग पडतात आणि ते जाता जात नाहीत. खरे कारण समजून घ्यायचे असेल तर माती तपासून घ्यावी. तालुक्याच्या कृषी कार्यालयात चौकशी केली की प्रयोगशाळेचा पत्ता मिळतो.

तण आणि किडे

हिरवळीत त्रिकोणी दांड्याचे, गवतापेक्षा भराभर वाढणारे चकचकीत पाते दिसते, तो लव्हाळा. वरून उपटला तर खालची गाठ तशीच राहते आणि आठ दिवसांत पुन्हा हजर. खुरप्याने गाठीसकट काढायचा आणि दर दोन आठवड्यांनी फेरी मारायची. दोन पावसाळे चिकाटी धरली तर तो हटतो. गाजरगवत मात्र फूल येण्याआधीच, हातात मोजे घालून उपटा. त्याने अंगाला खाज सुटते, कुणाला दमाही होतो. कुठले ‘सगळे तण मारणारे’ औषध हिरवळीवर फवारू नका. त्याच्या दृष्टीने आपली हरळी हेही तणच!

एखाद्या जागी गवत सतरंजी उचलावी तसे हातात येत असेल, साळुंक्या तिथे सारख्या टोचत असतील, तर खाली हुमणी आहे. पांढरी, तपकिरी डोक्याची, अर्धचंद्रासारखी वाकलेली अळी. ती मुळे खाते. वळवाच्या आणि पहिल्या पावसानंतर संध्याकाळी हिचे भुंगेरे कडुलिंबावर, बाभळीवर जमतात. ते दिव्याजवळ गोळा करून रॉकेल टाकलेल्या पाण्यात टाकले की पुढचे संकट तिथेच टळते. रॉकेल नसेल तर साबणाचे पाणी चालते. जमिनीतल्या अळीसाठी मेटारायझियम नावाची उपकारक बुरशी कृषी सेवा केंद्रात मिळते. पाकिटावर लिहिल्याप्रमाणे शेणखतात मिसळून ओल्या जमिनीत द्यावी.

आणि एक महत्त्वाचे. हिरवळीवर कुठलेही कीटकनाशक फवारले असेल तर त्या वर्षी तिथल्या दूर्वा गणपतीला खुडू नका. प्रसादाच्या ताटाशेजारी त्या जातात, घरात रांगणारी मुले असतात.

आंब्याखाली काय?

इथे मात्र स्पष्टच सांगते. दाट सावलीत हरळी येणार नाही. दर वर्षी तिथे नवे गवत लावणे म्हणजे पैसे पाण्यात घालणे. खालच्या दोन-चार फांद्या छाटून थोडे ऊन आत येते का बघा. तरीही चार तासांपेक्षा कमी ऊन मिळत असेल तर ती जागा गवताकडून काढून घ्या. तिथे विटांची गोल कड करून हळद लावा. हळदीला विरळ सावली चालते. मे अखेर ते जून हाच लावणीचा काळ, आणि श्रावणात पातोळ्यांना घरचीच पाने! ओल राहणारी जागा असेल तर अळू लावा. हिरवळ लहान झाली, तर पाणी आणि कष्टही कमी होतील.

ठोकळे की गवत?

आता यजमानांचे म्हणणे. गाडीला जागा हवी, हे खरेच आहे. गवतावर रोज गाडी उभी राहिली तर कुठलेही गवत टिकायचे नाही. पण सगळे अंगण झाकले म्हणजे काय होते, तेही बोलून घ्यावे. सिमेंट दिवसभर तापते आणि रात्री खिडकीतून ती धग घरात येते. पावसाचे जे पाणी अंगणात मुरून विहिरीला, बोअरला मिळायचे, ते फाटकातून रस्त्यावर जाते. आणि ठोकळे एकदा घातले की सहसा कुणी उखडत नाही.

मधला मार्ग आहे. फाटकाजवळ गाडीच्या दोन चाकांपुरत्या दोन फरसबंद पट्ट्या घ्याव्यात आणि मधे गवत राहू द्यावे. फाटकापासून दारापर्यंत ज्या वाटेने सगळे चालतात, तिथे गवताशी भांडत बसू नका. पावलापावलावर एकेक शहाबादी फरशी, गवताच्या जरा खाली बसेल अशी ठेवा. आंब्याखाली हळद. उरली दीडशे-पावणेदोनशे चौरस फुटांची, भरपूर उन्हातली हिरवळ. तेवढी सांभाळायला रविवारची सकाळ पुरते, पाणीही निम्मे लागते, आणि सासूबाईंच्या दहा फेऱ्या त्यात सहज होतात. त्या काहीच बोलत नाहीत असे तुम्ही लिहिले आहे. ताई, एकदा त्यांना विचारा तर खरे! घरातली वडील माणसे पुष्कळदा ‘आपल्यासाठी कशाला खर्च’ म्हणून गप्प राहतात.

वर्षाचा हिशेब

मे : कांड्या तपासा, सावली बघा, माळ्याला कमी कापायला सांगा.
जून-जुलै : ओढणे, भोके पाडणे, खतमाती, टक्कल भरणे, हळद लावणे.
ऑगस्ट-सप्टेंबर : आठवड्याला कापणी, लव्हाळ्याची फेरी, बेताने युरिया.
ऑक्टोबर : पाऊस संपताना पुन्हा पातळ खतमाती, आठवड्याला दोनदा पाणी सुरू.
डिसेंबर-जानेवारी : थंडीत वाढ मंदावते आणि रंग उतरतो. कापणी कमी, खत बंद.
मार्च-एप्रिल : उंची थोडी जास्त ठेवा, पाणी मोजून द्या. पाणीटंचाई असेल तर तिला झोपू द्या.

एवढे करून गणेश चतुर्थीच्या सुमारास हिरवळीकडे बघा. ठोकळ्यांचा निर्णय दिवाळीआधी घ्यायचा आहे ना? तोवर काय ते आपल्या डोळ्यांनाच दिसेल.

ज्यांना हिरवळीबद्दल विचारायचे असेल त्यांनी पत्रात तीन गोष्टी जरूर लिहाव्यात : जागा किती, ऊन किती तास, आणि माती काळी, तांबडी की मुरमाड. त्याशिवाय उत्तर देणे म्हणजे नाडी न बघता पुडी बांधून देणे. पुढच्या अंकात बघू या, पावसाळ्यात कुंड्यांतली माती कशी बदलायची आणि गुलाबाला काळे ठिपके पडू लागले तर काय करायचे.